छतावरचा चौथा डबा

१२ जानेवारी

खटपट्या,

कागदावर लिहितेय. या घरातून बाहेर जाणारा शब्द न् शब्द तू टाकलेल्या तारांतून जातो आणि त्या तारांच्या पलीकडच्या टोकाला तू कान लावून बसलेला असतोस, हे मला परवा कळलं. तेव्हा पेन शोधून काढलं. पोस्टाचा माणूस निदान पाकीट फोडून बघत नाही.

रविवारी आत्या आली होती. चहा घेता घेता सहज म्हणाली, "दादावर असं ओरडत जाऊ नकोस गं. पाणी सांडलं तर सांडलं, शर्ट बदलायचा." मी कप खाली ठेवला. बाबांनी शुक्रवारी अंगावर पाणी सांडलं होतं आणि मी ओरडले होते, हे खरं आहे. एका आठवड्यात तिसरी गादी वाळत घातली की माणूस ओरडतो. पण तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. बाबा आत्याला फोन करत नाहीत, त्यांच्या थरथरत्या हातात फोन कानाशी राहत नाही. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तर म्हणाली, "कोणी नाही, आपलं मला वाटलं." आणि बिस्किटाची नक्षी बघत बसली. आत्याला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर तू अजून सुखात असतास.

माझं काम काय आहे ते तू चारचौघांत "ताई मालिकांची नाकं पुसते" असं सांगतोस. बरोबर आहे. लोकांच्या संवादातले खोकले, आवंढे, खुर्च्यांची करकर, मागच्या खोलीतला पंखा हे सगळं शोधून काढून टाकणं यावरच मी जगते. त्याच दिवशी संध्याकाळी बाबांच्या पायाला मलम चोळत होते. बाहेर उजेड कमी झाला आणि छताला तू लावलेल्या वायफायच्या डब्यातून आवाज आला. टक्. इतका बारीक की दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळी जाऊन बसले. पुन्हा टक्. वायफायच्या डब्याला अंधार पडल्याचं काय कळतं?

स्टुलावर चढून तो पांढरा डबा फिरवून काढला. मग हॉलमधला काढला, माझ्या खोलीतला काढला, जिन्याजवळचा काढला. ते तिन्ही खरे निघाले. बाबांच्या पलंगावरच्या या चौथ्याच्या पोटात मात्र भिंग होतं. ते टक् म्हणजे अंधारात दिसावं म्हणून आतली काच बाजूला सरकल्याचा आवाज.

तू म्हणाला होतास, "चार डबे लावतो ताई, घरात कुठेही उभी राहा, नेट तुटणार नाही." मी तुला चहा करून दिला होता. खाली उभं राहून स्टूल धरलं होतं. तू माझ्याच डोळ्यांदेखत बापाच्या डोक्यावर कॅमेरा लावलास आणि मी स्क्रू हातात देत होते.

बाबांना अंघोळीनंतर मी त्या खोलीत आणते. त्यांचे कपडे तिथे बदलते. तेव्हा ते मान भिंतीकडे करतात, कारण त्यांना लेकीसमोर लाज वाटते. अजून वाटते. हे सगळं तू तुझ्या परदेशातल्या टेबलावर बसून पाहिलंस.

डबा आता माझ्या कपाटात आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ताई

२१ जानेवारी

खटपट्या,

पत्राला पत्राने उत्तर द्यायचं सोडून मोबाइलवर उत्तरं पाठवलीस. एकामागून एक. डबा बंद पडलेला तुला लगेच कळला असणार. मी तिथे उत्तर देणार नाही, पुन्हा विचारू नकोस.

"अतिरेक करतेयस." "काळजीपोटी केलं." "तू दिवसभर हेडफोन घालून बसतेस, बाबांना काही झालं तर कळणार कोणाला?" आणि सगळ्यात शेवटी, "बाबा तासन्‌तास एकटेच बोलतात हे तुला माहीत तरी आहे का? त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, ताई. मी डॉक्टरला क्लिप दाखवली."

हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. क्लिप दाखवलीस. बापाची क्लिप.

बाबा कोणाशी बोलतात ते मला माहीत आहे. पलंगाची डावी बाजू आईची. अजून तिकडे ते पाय टाकत नाहीत. दुपारी जेवण झालं की तिकडे तोंड करून पडतात आणि दिवसभराचं सांगतात. भाजी खारट झाली होती, पोरगी चिडली होती, समोरच्या इमारतीवर क्रेन आणली आहे, चालवणाऱ्याला दोर सावकाश सोडता येत नाही. सगळं आयुष्य गोदीत क्रेनच्या केबिनमध्ये वर एकटं बसून काढलेला माणूस आहे तो. दिवसभर गप्प आणि घरी आल्यावर आईशी बोलणं, ही त्यांची रीतच होती. ऐकणारी गेली म्हणून बोलणारा वेडा होत नाही. मी दार ओढून घेते आणि माझ्या कामाला लागते. तुझ्या डॉक्टरला ही रीत माहीत असायचं कारण नाही. तुला होती.

आता मंगळवारचं ऐक. आत्या पुन्हा आली, हातात छापील पुस्तिका घेऊन. कव्हरवर हिरवळ आणि खुर्चीत हसणारा म्हातारा. मी तिला दारातच अडवलं. ती कुजबुजत म्हणाली, "चांगली जागा आहे गं. चोवीस तास नर्स. तुझा भाऊ सगळं ठरवून बसलाय, पुढच्या महिन्यात नेऊ म्हणतो. तुलाही मोकळीक मिळेल."

"मी मागितली होती मोकळीक?"

"तू नाही मागितलीस. पण तुझं काय चाललंय ते आम्हाला दिसत होतंच ना."

दिसत होतं. ती म्हणाली तसंच लिहिलंय. मग मात्र माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आत्या माझ्यापेक्षा मोठी आहे आणि ती जिना उतरताना रडत होती. एवढंच लिहिते की ते सगळं बाबांच्या खोलीपर्यंत गेलं.

आत गेले तर ते पलंगावर उठून बसले होते. छतातला पांढरा डबा होता तिथे आता नुसती भोकं आणि लोंबणारी तार. तिकडे बघत होते.

"ते वायफाय नव्हतं?"

"नाही बाबा."

"दिसायचं त्याला?"

"हो."

"ऐकूही जायचं?"

मी हो म्हणाले. मग, का कोण जाणे, हेही सांगितलं की त्या डब्यात बोलायचीही सोय होती. इथे छोटा स्पीकर होता. तू तिथून बोलला असतास तर इथे ऐकू आलं असतं.

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इतके दिवस ऐकत होता, तर एकदा तरी 'बाबा' म्हणायचं होतं."

त्या दिवशी दुपारी ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आजही खोलीतून काही आवाज नाही. आई गेल्यावरही त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं. ते तू थांबवलंस.

ताई

५ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं जाळं मी उखडलं. पुढचं वाचताना खाली बसून वाच, कारण त्याच्यावर तुझा जीव होता.

आधी मी सरळ मार्गाने बघितलं. आईच्या शिवणाच्या खोलीत तुझं ते कपाट, सगळ्या तारा येऊन मिळतात ते, दिवे लुकलुकणारं. मुख्य डब्याला पासवर्ड विचारला, त्याने माझ्याकडे मागितला. आमच्याच घरात, आमच्याच विजेवर चालणारा डबा, आणि मीच परकी. मागचं बटण दाबून सगळं कोरं करता येतं असं वाचलं होतं. दाबून बघितलं. तू तेही बंद करून ठेवलंयस. संध्याकाळी तुझा मेसेज, "ताई, सेटिंगला हात लावू नकोस, सगळं बिघडेल." म्हणजे भिंग काढलं तरी तू घरातच होतास. आम्ही कधी जागतो, कुठला टीव्ही लावतो, मी कोणाला काय पाठवते.

मी वायर खेचली आणि ते कपाट बंद केलं. इतकी शांतता झाली की वर्षभर भिंतीपलीकडून येणारी ती पंख्यांची घरघर मी माझ्या कामातून रोज पुसत होते, हे मला तेव्हा कळलं.

मग पंचाईत. भाग पोचवायचा होता आणि घरात नेट नाही. कंपनीचा जोडणीवाला बोलावला. त्याने तुझं काम बघून "बापरे" म्हटलं, कपाटासमोर उभं राहून फोटो काढला आणि आपला प्लास्टिकचा एक डबा हॉलमध्ये ठेवून निघून गेला. त्या डब्याने माझ्या खोलीपर्यंत येता येता धाप टाकली. पूर्वी पूर्ण भाग मी चहाचा घोट घेईपर्यंत उतरवून घ्यायचे. आता तो बारीक धारेखाली पिंप भरल्यासारखा उतरत राहिला. स्टुडिओतून फोन. मग दुसरा फोन. मालिकेच्या दिग्दर्शकाने मला तिसऱ्याच बाईचं नाव ऐकवलं, जिचं काम म्हणे वेळेत येतं.

तू तिथे बसून म्हणत असशील, बघ, सांगितलं नव्हतं? म्हणत राहा. मी ठरवलं की तुझ्याइतकंच वेगवान जाळं उभं करायचं, पण त्याची किल्ली या घरात राहील.

शिकले. डोकं फुटेपर्यंत वाचलं, व्हिडिओ बघितले, नवा मुख्य डबा आणि तारांना नेट वाटून देणारा नवा स्विच आणला, पहिल्यांदा लावलं तेव्हा एकही दिवा लागला नाही, दुसऱ्यांदा सगळे लागले आणि नेट नाही. भिंतीतल्या तारा मात्र तुझ्याच ठेवल्या. त्या काढायच्या तर घर फोडावं लागलं असतं. आणि कबूल करते, काम उत्तम आहे. कुठेही पीळ नाही, कुठेही ताण नाही, प्रत्येक तारेच्या टोकाला तुझ्या अक्षरात चिठ्ठी. "हॉल." "बाबा." "ताई, टेबल." शिवणाच्या खोलीतल्या तारेवर "आईची खोली" असं लिहिलंयस. आई जाऊन तेव्हा पंधरवडा झाला होता.

ती चिठ्ठी बघून मी तिथेच जमिनीवर बसले. आई गेल्यावर तू रडला नाहीस. आम्ही दोघं इथे बसून होतो आणि तू पूर्ण महिनाभर ड्रिल घेऊन भिंती पोखरत होतास. जेवायला हाक मारली तर "एवढी तार ओढून येतो" म्हणायचास. बाबा तुझ्यासाठी ताट झाकून बसायचे. तुला माहीत नसेल, ते तुझं होईपर्यंत जेवायचे नाहीत. त्यांना वाटायचं तू येऊन शेजारी बसशील. तू आलास तो धूळ झटकत आणि उभ्यानेच चार घास खाऊन गेलास.

चांगलं काम केलंस म्हणून माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो. इतकं मन लावून तू काही करू शकतोस, मग ते तारांसाठीच का?

काही तारांची टोकं नव्याने बसवायला लागली. आत आठ बारीक तारा, रंग ठरलेल्या क्रमाने लावायचे, एक चुकली तर सगळं फुकट. मला ते पांढरेनारिंगी आणि पांढरेतपकिरी चष्म्यातूनही सारखेच दिसत होते. बाबा स्वतःच खुर्ची ओढत आले. रंगांच्या क्रमाचा कागद मांडीवर घेतला आणि गोदीत खालून इशारा देणारा माणूस ओरडायचा तशा ठसक्यात म्हणाले, "पांढरानारिंगी." मी लावली. "नारिंगी." लावली. "पांढराहिरवा. सावकाश. घाई कोणाला आहे." त्यांना हाताने काही धरता येत नाही, पण डोळे अजून क्रेनवाल्याचे आहेत. मी निळी आणि हिरवी उलट घातली ती त्यांनी तिथून ओळखली. तपासायच्या यंत्राचे दिवे ओळीने लागले तेव्हा म्हणाले, "हं. आता पुढची."

बाबा बरे आहेत.

ताई

१३ फेब्रुवारी

खटपट्या,

मागच्या पत्रात "बाबा बरे आहेत" लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. ते पडले होते. ते पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी. तुला कळवायचं नाही असंच ठरवलं होतं, कारण तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे. पण आत्याला कळलं आहे, म्हणजे तुला कळणारच. माझ्याकडूनच ऐक.

पँट बदलत होते. एकट्याने. मी म्हटलं होतं, थांबा, हा तुकडा संपवून येते. ते थांबले नाहीत. पायात पाय अडकला आणि पलंगाच्या कडेवर आदळले. मी हेडफोन घालून होते. बाबा हाका मारत होते म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत. मी पाणी प्यायला उठले तेव्हा दिसलं. मनगट मुरगळलं आहे, हाड शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, नशीब.

आता बोल. कॅमेरा असता तर कळलं असतं, हेच ना? तुला कळलं असतं. तिकडे. तू मला फोन केला असतास, आणि मी हेडफोन घालून असल्यामुळे तो मी उचलला नसता. तुझ्या त्या चौथ्या डब्याने बाबा सगळ्या जगाला दिसले असते, फक्त पलीकडच्या खोलीतल्या मला दिसले नसते.

हे लक्षात आल्यावर मी नवं काम काढलं. बाबांच्या पलंगाशी एक बटण बसवलं. एक न्हाणीघरात, खाली, पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर. ते दाबलं की माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यामागे लाल दिवा लागतो आणि हेडफोनमधला आवाज आपोआप बंद होतो. ते शेवटचं जमवताना दोन दिवस गेले. पण जमलं. दाबणं न दाबणं बाबांच्या हातात आहे. ते दाबत नाहीत तोवर त्यांच्या खोलीत कोणी नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी उगाचच बरेचदा दाबलं. मी दर वेळी धावत गेले. एकदा म्हणाले, "दिवा लागतो का बघत होतो." एकदा म्हणाले, "चहा." एकदा काहीच म्हणाले नाहीत, नुसते हसले. मी ओरडले, हो, पुन्हा ओरडले, आता तुला सांगणारं कोणी नाही म्हणून मीच सांगते.

आणि आत्याचं. परवा ती मनगट बघायला आली, पुस्तिका पर्समध्येच होती, मला कोपरा दिसला. मी काही बोलायच्या आत बाबांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, "मला नेणार होतात ती जागा दाखव." तिने दाखवली. त्यांनी एकेक पान उलटायला लावलं. सगळं बघितलं. मग म्हणाले, "चांगली आहे. मला जेव्हा जावंसं वाटेल तेव्हा मी सांगेन. मला विचारल्याशिवाय माझी गाठोडी बांधायची नाहीत. हे त्यालाही सांग." आत्या रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो थरथरत तिच्या कानावर पडला, मग दोघंही हसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

डोकं ठिकाणावर नसलेला माणूस असा बोलत नाही. हे वाक्य तुझ्या डॉक्टरला दाखव. क्लिप नाही, कागद आहे.

ताई

२८ फेब्रुवारी

खटपट्या,

कालच्या फोनमध्ये जे झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

फोन करायचं बाबांनीच काढलं. "त्याला दिसू दे मला. पण मी लावीन तेव्हा." म्हणून जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ कॉलसाठी एक पडदा लावला. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला, स्वतः. बटणं लावायला पाऊण सकाळ गेली आणि मी हात लावला नाही. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा तू उचलला नाहीस. बाबा वाजणाऱ्या पडद्यासमोर ताठ बसून राहिले. मी मनातल्या मनात तुला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "कामात असेल." तू कामात नव्हतास. तू घाबरला होतास, हो ना?

दुसऱ्यांदा उचललास. तू खूप बारीक झालायस. मला ते बघायचं नव्हतं, राग धरायला अवघड जातं.

तोंड उघडलंस, मिटलंस. बाबा वाट बघत होते. मग ते म्हणाले, "बोल की. मला ऐकू येतं. इतके महिने तू ऐकलंस, आता माझी पाळी."

आणि तू "बाबा" म्हणालास, आणि रडायला लागलास. तुझा चेहरा आईच्या वेळी व्हायला हवा होता तसा आत्ता झाला. मग मी पडद्याच्या मागे जाऊन उभी राहिले, तिथून मला फक्त तुझा आवाज येत होता. माझा धंदाच तो आहे, आवंढे काढून टाकायचे. त्यातला एकही मी काढला नसता.

तू म्हणालास, "बाबा, तुम्ही आईशी बोलायचात ना, ते मी रोज लावून बसायचो. मला वाटायचं मी पण तिथेच आहे." मग म्हणालास, "डॉक्टरला दाखवलं, कारण मला भीती वाटली."

मी हे ऐकलं. मला समजलंही. पण समजणं म्हणजे माफ करणं नाही, असं तुला सांगून ठेवते. तू आमच्यात बसायला दार सोडून छतातून आलास. मग जे दिसलं त्याची भीती वाटली, तर मला नाही विचारलंस, बाबांना नाही विचारलंस, परक्या माणसाला दाखवलंस आणि आत्याला पुढे केलंस. तुझं दुःख खरं आहे. तू केलेलंही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. निदान माझ्याकडून तरी आत्ताच नाही.

बाबांचं वेगळं. ते तुला म्हणाले, "कधी येतोस?" बस, एवढंच. मला फार राग आला. तुझा नाही, त्यांचा. मी महिनाभर भिंतीशी झगडले आणि त्यांनी दोन शब्दांत सोडून दिलं. फोन ठेवल्यावर मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तू चिडून राहा. कोणीतरी चिडायला पाहिजेच. मला तेवढा वेळ नाही." आणि स्वतः बटण दाबून पडदा बंद केला, उठले, भिंत धरत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आतून बोलण्याचा आवाज यायला लागला. बऱ्याच आठवड्यांनी. काय बोलत होते ते मला माहीत नाही, मी हेडफोन घातले.

तिकीट काढलंयस असं कळलं. ये. पाहुण्यांसाठी मी वेगळं नेटवर्क केलंय. त्यावर फक्त बाहेरचं नेट चालतं, घरातलं काही दिसत नाही. तुला तेच मिळेल. वाईट वाटलं तर वाटू दे. झोपायला आईची खोली आहे. छतातली भोकं बाबांनी बुजवू दिलेली नाहीत, विचारू नकोस का, मलाही सांगितलेलं नाही.

आणि येताना अवजारं आणायची नाहीत. ड्रिल नको, टेस्टर नको, खिशात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नको. घरातलं काहीही बिघडलेलं दिसलं तरी उठायचं नाही. बाबांच्या शेजारी बसायचं. ते बोलतील तेव्हा बोलायचं, गप्प बसतील तेव्हा गप्प बसायचं. कंटाळा आला तरी बसायचं. मी ताट वाढेन तेव्हा दोघांनी एकदमच जेवायचं.

मी तुझ्याशी लगेच बोलेन असं समजू नकोस.

ताई